नोटेशन वाचता येत नाही, मग स्वतःला वादक म्हणवून घ्यावं का?

पांढरी_चार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

मी गेली अकरा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलो, वहीत सारेगम लिहून घ्यायचो, तेवढंच काय ते शिक्षण आणि पुढचं सगळं कानाने. गाणं दोनतीनदा ऐकलं की कॉर्ड सापडतात, गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी हात बदलतो, आजवर कधी अडलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात एका मोठ्या वाद्यवृंदाचा कीबोर्डवाला आजारी पडला म्हणून मला बोलावलं. समोर बारा पानं ठेवली. कंडक्टर म्हणाले "बार ४१ च्या पिकअपपासून" (बार म्हणजे कागदावर दोन उभ्या रेघांमधला एक कप्पा), सगळ्यांनी वाद्यं उचलली आणि मी अजून पान शोधतोय. कसंबसं बाजूच्यांचं ऐकून धरलं तर पुढे अजून गंमत, सगळे कुठल्यातरी खुणेपाशी उडी मारून थेट शेवटच्या भागात गेले आणि मी इमानेइतबारे अंतरा पुढे वाजवतोय. एकटाच. चांगल्या मोठ्या आवाजात.

कोणी हसलं नाही हे जास्त लागलं. शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याने फक्त बोटाने पान दाखवलं. ब्रेकमध्ये एकजण अगदी साधेपणाने म्हणाला, "अच्छा, म्हणजे तुम्ही कानावर वाजवता, म्युझिशियन नाही." त्याच्या मनात काही वाईट नसावं पण ते "अच्छा, म्हणजे" अजून डोक्यातून जात नाहीये.

तर जाणकारांनी सांगा, नोटेशन वाचता आलंच पाहिजे का? वय ३६. आता शिकायला घेतलं तर किती जमेल? आणि एक भीती खरीखुरी आहे, कागदाची सवय लागली की कान जातो असं म्हणतात ते खरं का? दोन आठवड्यांनी पुन्हा तालीम आहे, त्यांनी मला परत बोलावलंय, का ते देवाला ठाऊक.

खर्ज

बीटल्सच्या चौघांपैकी एकालाही नोटेशन वाचता येत नव्हतं. गिटारवाल्यांत बघा, जिमी हेंड्रिक्सला नाही. जँगो राइनहार्टला नाही. वेस माँटगोमेरीला नाही. विषय संपला, धागा बंद करा आणि त्या ब्रेकवाल्याला ही यादी पाठवून द्या.

शेवटची_रांग

खर्ज, ही यादी प्रत्येक वेळी येते आणि प्रत्येक वेळी अर्धीच येते. बीटल्सना वाचता येत नव्हतं हे खरं, पण त्यांच्यासोबत त्यांचे रेकॉर्ड प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन होते ना. १९६५ सालच्या 'येस्टरडे'त मागे जो स्ट्रिंग क्वार्टेट वाजतो त्या चौघांना काय वाजवायचं ते मॅकार्टनीने तोंडाने गुणगुणून नाही शिकवलं, मार्टिननी लिहून दिलं. म्हणजे नोटेशन तिथे होतंच, फक्त ते दुसऱ्या माणसाकडे होतं.

अजून एक उदाहरण देते, मला फार आवडतं. अर्विंग बर्लिन, अमेरिकेतला गेल्या शतकातला बडा गीतकार-संगीतकार. वाचता येत नाही, लिहिता येत नाही, आणि पियानो वाजवायचा तो बहुतेक काळ्या पट्ट्यांवर, एफ शार्पमध्येच. मग दुसऱ्या पट्टीत कसं? तर त्याच्याकडे खास पियानो होता, एक लिव्हर ओढला की वाजवायचं तेच आणि ऐकू येणार दुसऱ्या पट्टीत. म्हणजे आपली स्केल चेंजर पेटीच की. आणि सुचलेली चाल कागदावर उतरवायला पगारी माणूस ठेवलेला. तर ज्यांना वाचता येत नाही ते मोठे होत नाहीत असं नाही, पण मग शेजारी वाचणारा कोणीतरी बसवावा लागतो. पांढरी_चार, तुमच्याकडे जॉर्ज मार्टिन आहेत का?

आता स्वतःबद्दल. मी व्हायोलिन वाजवते, सेकंड व्हायोलिन, नावाप्रमाणे शेवटची रांग. रेकॉर्डिंगला गेलं की कागद त्याच क्षणी समोर येतो, एकदा सगळे मिळून वाजवायचं, दुसऱ्यांदा टेक. तीस माणसांना एकेक करून ऐकवून शिकवत बसलं तर दिवस जाईल. तिथे वाचन म्हणजे काही मोठी विद्या नाही, वेळेत काम उरकायची सोय आहे. डोळे बोटांच्या बार-दीड बार पुढे धावत असतात, हात मागून येतात, इतकी सवय झालीये की कधीकधी वाजवताना कान नक्की काय करत होता ते आठवतच नाही.

आणि हीच माझी दुखरी नस. घरी पाहुणे आले आणि म्हणाले वाजव काहीतरी, की मला घाम फुटतो. काहीतरी म्हणजे काय? कागद कुठाय? ज्या चाली लहान मुलं तोंडाने म्हणतात त्या मला कागदाशिवाय दोन ओळींपुढे वाजवता येत नाहीत. गायकाने पट्टी बदलली तरी तुमचा हात बदलतो असं तुम्ही सहज लिहून गेलात, तिथे मी दोनदा वाचलं ते वाक्य. मला कोणी कधी "अच्छा, म्हणजे तुम्ही कागदावर वाजवता" असं म्हटलेलं नाही, पण म्हणायला हवं होतं.

खर्ज

बरं बाई, अर्धी यादी मागे घेतो. जँगो ठेवतो.

मध्यलय

पांढरी_चार, तुम्ही स्वतःच लिहिलंय की वहीत सारेगम लिहून घ्यायचो. ते काय होतं मग? मधल्या 'ग'खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, 'म'च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब मंद्र, वर टिंब तार, समेला फुली, खालीला शून्य. हे सगळं तुम्हाला झोपेत विचारलं तरी येत असणार. म्हणजे नोटेशन वाचता येतं तुम्हाला, फक्त लिपी वेगळी. मोडी येणाऱ्याला कोणी निरक्षर म्हणतं का?

मी गाणं शिकवतो म्हणून या विषयावर जरा लांबण लावणार आहे, माफी असावी.

वर सांगितलेल्या त्या खुणा भातखंड्यांच्या. पं. विष्णु नारायण भातखंडे, १८६० ते १९३६. त्यांनी ती लिपी गवई घडवायला केली असं लोकांना वाटतं, मला तसं वाटत नाही. बंदिशी घराण्याघराण्यांत कुलुपात होत्या, खाँसाहेब गेले की चीजही त्यांच्याबरोबर गेली असा प्रकार. त्या मिळवायच्या, उतरवायच्या आणि छापायच्या यासाठी लिपी लागली, आणि त्यातून क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग उभे राहिले. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी त्याच काळात आपली स्वतंत्र लिपी केली, मात्रांचे तुकडे दाखवायला ती जास्त काटेकोर आहे असं माझं मत, पण लिहायला जास्त किचकट, म्हणून भातखंड्यांची सोपी लिपी टिकली.

आता गंमत बघा. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या, दोन्हीत स्वर तेच, सा रे ग प ध. कागदावर आरोह-अवरोह लिहिला तर ओळखून दाखवा कुठला कोण. फरक कुठाय, तर भूप गंधारावर आणि खालच्या अंगात रमतो, देशकार धैवतावर आणि वरच्या अंगात. मारवा, पूरिया, सोहनी घ्या, तिघांचे स्वर तेच आणि तिघांचा चेहरा वेगळा. दरबारीचा कोमल गंधार तर लिहून दाखवाच कोणीतरी. 'ग' लिहाल, खाली रेघ माराल, बाजूला फारतर नागमोडी काढाल, पण तो किती उतरलेला, किती हलता, कुठून येऊन त्यावर टेकायचं हे गुरूच्या गळ्यातून कानात गेल्याशिवाय येत नाही. माझ्याकडे एक विद्यार्थी पुस्तकातून स्वतः दरबारी बसवून आला होता. एकही स्वर चुकला नव्हता आणि दरबारी कुठेच नव्हता.

म्हणून मी मुलांना आधी गाऊन घेतो, महिनोन्महिने, आणि बंदिश बसली की मग वहीत लिहायला लावतो. व्हायोलिनमध्ये जपानी शिक्षक शिनिची सुझुकींनी हेच केलं, मूल आधी बोलतं आणि मग वाचायला शिकतं तसं आधी कान, मग कागद. उलट केलं की मूल स्वर वाचतं, गात नाही.

पण लिहायला लावतोच. कारण माझी स्मरणशक्ती मला माहितीये.

तिरकिट

मध्यलय यांना +१. तबल्याचं तर अजूनच वेगळं, आमचं नोटेशन तोंडातच असतं. पढंत म्हणजे दुसरं काय? धा तिरकिट धा तिरकिट हे म्हणता आलं की हातात येतं, कागद नसला तरी बोल हा शब्दशः लिहिण्याजोगाच असतो.

यावरून एक किस्सा, फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराने स्वतः अनेकदा सांगितलेला आहे. १९६५ च्या सुमारास तो पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या नामांकित शिक्षिकेकडे शिकत होता, म्हणजे वाचन-लेखनात पक्का तयार गडी. पं. रविशंकर तिथे एका चित्रपटाचं संगीत करत होते आणि फ्रेंच वादकांसाठी ते स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरची पाश्चात्त्य लिपी) उतरवायचं काम याच्याकडे. पंडितजी गाऊन दाखवणार, हा लिहिणार. लिहिलं, वाजवलं, आणि साथीला बसलेले उस्ताद अल्लारखा म्हणाले वजन चुकतंय. याने बारच्या रेघा इकडच्या तिकडे केल्या. तरी चुकतंय. पुन्हा हलवल्या, तरी तेच, ते म्हणत राहिले सगळे स्वर सारख्याच वजनाचे आहेत, आणि वादक ताटकळलेले. शेवटी वैतागून याने सगळ्या बारच्या रेघा खोडून टाकल्या आणि तेव्हा याला दिसलं की समोर लांबच लांब एक ओघ आहे आणि तो आवर्तनांत फिरतोय.

मुद्दा काय, बारची रेघ आली की पाश्चात्त्य वादकाचा हात आपोआप पहिल्या मात्रेवर जोर देतो. रेघ निर्दोष नसते, ती सोबत एक सवय घेऊन येते. लिहिलेलं बरोबर होतं आणि तरी वाजत चुकीचं होतं. त्याच्या पुढच्या सगळ्या संगीतावर या प्रकाराचा परिणाम झाला असं तो स्वतः म्हणतो.

अवांतर: मला स्टाफ नोटेशन अजिबात येत नाही आणि मी वादक आहे, पंचवीस वर्षं. धागाकर्त्याने त्या ब्रेकवाल्याला माझं नाव सांगावं.

उशिराचा_सा

इथे सगळे थोर लोक तत्त्व सांगून गेले, धागाकर्त्याची तालीम दोन आठवड्यांवर आहे हो.

मी ४१ व्या वर्षी वाचायला शिकलो, तोवर गिटार नुसती कानावर. तुमचा किस्सा नीट वाचला तर तुम्ही स्वर वाचता न आल्यामुळे अडलाच नाहीत! स्वर तुम्ही ऐकून धरलेत की. तुम्ही अडलात रस्त्यावर. बार ४१ कुठे आहे आणि उडी कुठून कुठे मारायची, एवढंच. हा वाचनाचा सगळ्यात सोपा भाग आहे आणि एका संध्याकाळीत होतो. बारचा नंबर बहुतेक वेळा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारीक आकड्यात छापलेला असतो. पिकअप म्हणजे समेच्या आधी उचललेला मुखडा समजा. दोन टिंबं आणि जाड रेघ म्हणजे परत. डी.सी. म्हणजे अगदी पहिल्यापासून, डी.एस. म्हणजे त्या तिरक्या रेघ मारलेल्या एसपासून, गोलात अधिकचं चिन्ह म्हणजे कोडा, परतून आलात की तिथून शेवटच्या भागावर उडी. सगळ्या मिळून सातआठ खुणा असतील. तालमीआधी पानं मागून घ्या आणि रंगीत पेनने उड्यांचे बाण काढा, पट्टीचे वादकही काढतात, लाजायचं कारण नाही.

दुसरा भाग लय. काळा गोळा, पांढरा गोळा, शेपटी, विश्रांतीच्या खुणा. हे वाद्याला हात न लावता टाळी देत वाचायचं. स्वर तिसऱ्या नंबरला, आणि कीबोर्डवाल्याला तो तसाही सोपा, रेघेवरून एकेक पायरी चढलं की पांढरी पट्टी एकेक पुढे. गिटारवर एकच सूर चारपाच ठिकाणी सापडतो, आमचे हाल विचारू नका. म्हणून तर गिटारवाले टॅब (कुठल्या तारेवर बोट कुठे ठेवायचं ते आकड्यांत दाखवणारी लिपी) वापरतात, आणि ज्यांना ती पळवाट वाटते त्यांना सांगतो, ल्यूट या गिटारसारख्या जुन्या वाद्याची टॅब १५०७ साली इटलीत छापून निघाली होती, ती काही इंटरनेटची पोरं नाहीत.

आता खरी अडचण सांगतो जी कानवाल्यांनाच येते. आपला कान इतका आगाऊ असतो की चार बार कसेबसे वाचले की चाल कळते, मग डोळे पानावर असतात पण वाचत काहीच नाहीत, पुढचं सगळं कान अंदाजाने वाजवतो. मी तीन महिने असाच स्वतःला फसवत होतो. मास्तरांनी पान उलटं ठेवलं तरी मी वाजवत होतो!! म्हणून ओळखीची गाणी वाचायला घेऊ नका. कधी न ऐकलेलं, कंटाळवाणं, आपल्या पातळीच्या चार पायऱ्या खालचं, लहान मुलांच्या पुस्तकातलं घ्या. रोज दहाच मिनिटं, एक तुकडा दोनदाच वाजवायचा, तिसऱ्यांदा पाठ झालेला असतो म्हणून फुकट. स्वरांखाली पेन्सिलने सारेगम लिहायचं नाही, डोळा तेच वाचतो. अकरा वर्षं स्टेजवर वाजवलेल्या माणसाला बेडकाचं चित्र असलेल्या पानावर दोन बोटांनी चाचपडावं लागतं तेव्हा अहंकाराची जी काय चटणी होते ती होऊ द्या.

कान जातो का? माझा नाही गेला. शेवटची_रांग यांचा गेला नसेल, त्याला कधी कामच दिलं नसेल.

शेवटची_रांग

शेवटचं वाक्य लागलं, पण बरोबर आहे.

मंद्र_पंचम

एक बाजू राहिली म्हणून लिहितोय. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. वाचायचं की नाही या वादात आम्हाला कोणी धरत नाही, पण ब्रेलमध्ये संगीताची लिपी आहे आणि ती खुद्द लुई ब्रेलने तयार केली, तो स्वतः ऑर्गन वाजवायचा. अमेरिकेतला अंध गायक-पियानोवादक रे चार्ल्स ती शिकलेला होता. अडचण अशी की ती बोटांनी वाचायची आणि वाजवायचंही बोटांनीच. म्हणून एका हाताने चार बार वाचायचे, दुसऱ्या हाताने वाजवून बघायचे, मग हात बदलायचे, मग दोन्ही जोडायचे, आणि तोपर्यंत ते पाठ झालेलं असतं. समोर पान ठेवून बघत वाजवणं हा प्रकारच नाही. त्यामुळे आमच्याकडे वाचणारा आणि पाठ वाजवणारा अशा दोन जाती नाहीत, वाचणाऱ्यालाही पाठच करावं लागतं.

मला मात्र लिपीचा एक मोठा उपयोग झाला. रेकॉर्डिंग ऐकून उचललं की त्या वादकाच्या लकबीही उचलल्या जातात, त्याचं थांबणं, त्याचं घाई करणं, कधी त्याची चूकसुद्धा. लिपीतून वाचलं की ते नुसतं हाडांसारखं हाताशी येतं आणि मांस आपण चढवायचं. काहींना हाडं नकोशी वाटतात. मला आवडतात.

पांढरी_चार

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल तालीम झाली, वृत्तांत देतो.

उशिराचा_सा यांचं ऐकून पानं आधी मागून घेतली आणि लाल पेनने बाण काढले. कोडा सापडला!! सगळ्यांबरोबर उडी मारली, वेळेवर, आणि क्लॅरिनेटवाल्याने मान हलवली. मधे एकदा माझं पान उलटताना गोंधळ झाला म्हणून त्याच्या कागदात डोकावून वाजवायला गेलो तर सगळं एक स्वर वरून, कानाला भयंकर. नंतर कळलं की त्याच्या कागदावरचा सी म्हणजे माझा बी फ्लॅट, त्याचं वाद्यच तसं. म्हणजे कागदावर सगळ्यांचा सा एक नसतो. हे आधी कोणी सांगितलं असतं तर, असो.

मंद्र_पंचम, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो जरा वेळ. तिरकिट, ब्रेकवाल्याला तुमचं नाव सांगायची वेळ आली नाही, कारण त्यानेच येऊन विचारलं की पट्टी न बघता कॉर्ड कसे सापडतात, जरा शिकवाल का. आम्ही आता बुधवारी भेटतोय, तो मला लय वाचायला शिकवणार आणि मी त्याला कागद बाजूला ठेवायला.

एक फजिती मात्र राहिलीच. दुसऱ्या गाण्यात एक आठ बारचा तुकडा मी घरी घासून घासून वाचला होता, एकट्याने, अभिमानाने. तालमीत वाजवला तर कंडक्टरने सगळं थांबवलं आणि विचारलं तुम्ही हे एवढं वर का वाजवताय. मी म्हटलं कागदावर आहे ना, प्रत्येक नोटच्या डोक्यावर टिंब आहे. तार सप्तक. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळेना चूक काय झाली. नंतर विचारायची हिंमत झाली नाही, ते टिंब म्हणजे काय?

मध्यलय

हाहाहा. मीच म्हटलं होतं ना लिपी येते तुम्हाला. पाप माझ्या माथी.

शेवटची_रांग

डोक्यावर किंवा पायाशी टिंब म्हणजे स्टकाटो, तो सूर तोडून वाजवायचा, सप्तक तेच. नोटच्या उजव्या बाजूला टिंब असेल तर तो वेगळा, तेव्हा सूर दीडपट लांबवायचा. आणि आधीच सांगून ठेवते, कुठे नोटच्या डोक्यावर बारीक उभी रेघ दिसली तर तीव्र करू नका, तो सूर अजून आखूड तोडायचा असतो.